भाड्याच्या घरातील नळ, गळती आणि सांडपाणी : गोव्यातील घरमालक व भाडेकरूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात भाड्याने दिलेल्या घरांचे करार बहुधा अकरा महिन्यांचे असतात आणि त्यांत दुरुस्तीविषयी एखादीच ओळ असते: किरकोळ दुरुस्ती भाडेकरूने करावी. ती कोणत्या वस्तूंची आणि किती रुपयांपर्यंतची, हे लिहिलेले नसते. मग बाथरूमखालचा पाइप फुटला किंवा ऐन जुलैत शौचालय तुंबले की दोन्ही बाजू आपापल्या सोयीचा अर्थ लावतात. पुढील उत्तरांत आमचा एक आग्रह सतत दिसेल: आधी बिघाडाचे कारण शोधावे, ते नोंदवून ठेवावे आणि खर्चाची बोलणी त्यानंतर करावीत. प्लंबर बोलावून, फरशी फोडून, पाइप बदलून झाल्यावर कारणाचा पुरावाच उरत नाही.

नळदुरुस्तीची जबाबदारी कायद्याने कोणावर आहे?

याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्टीतील दोन्ही पक्षांची कर्तव्ये दिली आहेत. परंतु करारात किंवा स्थानिक रूढीत वेगळे काही ठरलेले नसेल तरच ती लागू होतात. प्रत्येक दुरुस्ती घरमालकानेच करावी, असे हे कलम सांगत नाही. घराच्या वापरात अडथळा आणणारा जो मोठा दोष मालकाला माहीत आहे आणि जो भाडेकरूच्या साध्या पाहणीत दिसणार नाही, तो मालकाने आधीच सांगितला पाहिजे, असे ते सांगते. भाडेकरूने घर ताब्यात घेताना होते त्याच स्थितीत राखावे व परत द्यावे, मात्र नेहमीच्या वापराने झालेली झीज आणि मनुष्याच्या आवाक्याबाहेरच्या शक्तीने झालेले नुकसान यांचा भार त्याच्यावर नाही, असेही त्यात आहे. भाडेकरूच्या, त्याच्या नोकरांच्या किंवा त्याने नेमलेल्या माणसांच्या कृतीमुळे वा हयगयीमुळे दोष निर्माण झाला असेल, तर सूचना मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तो त्याने दुरुस्त करून द्यायचा असतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा की भिंतीतला जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गंजणे ही झीज आहे आणि ती भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. तोच पाइप भाडेकरूने गीझर बसवताना ड्रिलने भोसकला असेल, तर खर्च त्याचाच.

केंद्राच्या आदर्श भाडेकरू कायद्यात याची यादी आहे म्हणे. ती गोव्यात चालते का?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेला हा कायद्याचा नमुना आहे. एखाद्या राज्याच्या विधानसभेने तो स्वीकारून कायदा केला तरच तो त्या राज्यात बंधनकारक होतो. तरीही करार लिहिताना त्याच्या दुसऱ्या अनुसूचीचा आधार घ्यावा, अशी आमची आग्रहाची शिफारस आहे, कारण तिच्यातील वाटणी समंजस आहे. इमारतीच्या रचनेची दुरुस्ती आणि गरज पडेल तेव्हा पाइप बदलणे मालकाकडे आहे. नळाचे वॉशर व नळ बदलणे, सांडपाण्याची मोरी साफ करणे, शौचालय, वॉश बेसिन, गीझर आणि स्वयंपाकघरातील जोडण्यांची दुरुस्ती भाडेकरूकडे आहे.

एका बाबतीत मात्र आमचे मत वेगळे आहे. गीझर मालकाने दिलेला आणि आधीच बरीच वर्षे वापरलेला असेल, तर त्याची टाकी आतून गंजून फुटल्यावर नव्या गीझरची पूर्ण किंमत भाडेकरूकडून घेणे न्याय्य नाही. तसे होऊ नये म्हणून करारात निराळे कलम घालावे.

आमचा करार लीव्ह अँड लायसन्सचा (वापर-परवान्याचा) आहे. मग भाडेकरूचे हे हक्क आम्हांला मिळतात का?

आपोआप मिळत नाहीत. परवानाधारकाला, म्हणजे अशा करारावर राहणाऱ्याला, घराचा फक्त वापर करण्याची मुभा मिळते, घरात त्याचा हक्क निर्माण होत नाही, आणि त्याचे नाते भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ खाली पाहिले जाते. त्या कायद्यानुसारही मालकाला माहीत असलेला आणि राहणाऱ्याच्या जिवाला किंवा सामानाला धोका पोचवू शकणारा दोष त्याने सांगितलाच पाहिजे. स्वयंपाकघराच्या छताच्या आत पाणी साचून प्लॅस्टर सुटत आहे हे ठाऊक असताना वरून नुसता रंग मारून घर देणे यात बसत नाही. बाकी सर्व करारातील शब्दांवर अवलंबून राहते, म्हणून परवाना करारात दुरुस्तीचे कलम अधिकच तपशिलाने लिहावे. न्यायालय मात्र करारावरचे नाव पाहून थांबत नाही. घराचा पूर्ण ताबा कोणाकडे होता आणि पक्षांचा खरा हेतू काय होता, हेही पाहते.

गळती कशामुळे आहे, हे भिंत न फोडता कसे ओळखावे?

पुष्कळदा ओळखता येते, आणि त्यासाठी मालक व भाडेकरू यांनी एकत्र उभे राहून अर्धा दिवस दिला तर पुढचे अनेक महिन्यांचे भांडण टळते.

प्रथम ओल केव्हा वाढते ते पाहावे. दिवसरात्र सारखीच ओल असेल आणि घर आठवडाभर बंद ठेवूनही ती कमी होत नसेल, तर सतत दाब असलेल्या पुरवठ्याच्या पाइपवर संशय घ्यावा. आंघोळीनंतर तासाभरात डाग गडद होत असेल आणि घर बंद असताना सुकत असेल, तर नहाणी ट्रॅप, सांडपाण्याचा पाइप किंवा फरशीच्या फटींतून पाणी झिरपत आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंतच डाग दिसत असेल, तर नळाशी त्याचा बहुधा संबंध नसतो. पाणी गच्चीतून, बाहेरच्या भिंतीच्या भेगांतून किंवा खिडकीच्या सज्जावरून येत असते. चिऱ्यांच्या जुन्या भिंती पाणी शोषून घेतात आणि दूरवर नेऊन सोडतात, त्यामुळे डाग जिथे दिसतो तिथेच गळती आहे असे गृहीत धरू नये.

त्यानंतर मीटर पाहावा. संपात (जमिनीखालच्या टाकीत) किंवा गच्चीवरच्या टाकीत पाणी भरून बॉल कॉक (तरंगत्या चेंडूचा झडप-नळ) बंद झाल्यावरही मीटरची चक्री फिरत असेल, तर मीटर आणि टाकी यांच्या मध्ये कुठेतरी पाणी जात आहे. टाकीपासून नळापर्यंतचा भाग मीटरवर कळत नाही. त्यासाठी टाकीत येणारे पाणी बंद करून पातळीवर खडूने खूण करावी, रात्रभर एकही नळ उघडू नये आणि सकाळी पाहावे. पातळी उतरली असेल, तर फ्लश टँकच्या पाण्यात खाण्याचा रंग टाकावा. अर्ध्या तासात, फ्लश न करता, तो रंग भांड्यात उतरला तर दोष फ्लशच्या रबरी वॉशरचा आहे. हे काम काही शे रुपयांत होते. रंग उतरला नाही तर पाइप तपासावा लागेल.

वरच्या मजल्यावरील बाथरूमवर संशय असल्यास नहाणीचे तोंड बंद करून फरशीवर बोटभर पाणी चोवीस तास साठवून ठेवतात व खालच्या छताचे फोटो आधी आणि नंतर घेतात. जलरोधनाचा, म्हणजे वॉटरप्रूफिंगचा दोष यातून स्पष्ट होतो, आणि तो दोष मालकाच्या खर्चाचा आहे.

पावसाळ्यात शौचालय तुंबते. मालक म्हणतात, तुम्ही काहीतरी टाकले असेल. काय करावे?

पणजी, मडगाव, वास्को यांचे काही भाग सोडले तर गोव्यातील बरीच घरे आजही सेप्टिक टँक आणि सोक पिटवर (शोषखड्ड्यावर) चालतात. खाजनाच्या (बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या सखल जमिनीच्या) कडेच्या किंवा नदीकाठच्या सखल जागेत जुलै-ऑगस्टमध्ये जमिनीतील पाणी इतके वर येते की सोक पिट पाणी मुरवूच शकत नाही. कधी कधी बाहेरचेच पाणी आत शिरते. टँक काठोकाठ भरतो, फ्लश केल्यावर पाणी आधी चढते, मग हळूहळू उतरते, आणि नहाणीतून गुडगुड आवाज येतो. यात भाडेकरूची चूक नाही.

उलट बाजूही खरी आहे. सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, डायपर किंवा स्वयंपाकघरातले तेल टाकल्यामुळे पाइप तुंबतो, आणि तो खर्च टाकणाऱ्यानेच करायला हवा.

या दोहोंतला फरक बाहेरच्या चेंबरचे झाकण उघडल्यावर दिसतो. शौचालयाचे भांडे काठापर्यंत भरलेले आहे आणि घराबाहेरचे पहिले चेंबर मात्र कोरडे आहे, तर अडथळा त्या दोहोंच्या मधल्या पाइपात आहे, आणि तो बहुतेक वेळा घरातून गेलेल्या वस्तूचाच असतो. पहिले चेंबरही भरलेले, पुढचेही भरलेले आणि टँकमधील पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या वर असेल, तर बिघाड टँकचा किंवा सोक पिटचा आहे, आणि ती मालकाची बाब आहे. झाकण उघडण्यापूर्वी मालकाला किंवा त्याच्या माणसाला बोलवावे, शक्य नसल्यास व्हिडिओ कॉल करावा. पाइपमधून काय निघाले त्याचाही फोटो ठेवावा. एकाच टँकवर तीन-चार भाडेकरू असतील तर एकट्याला दोषी धरणे जवळजवळ अशक्य असते; अशा ठिकाणी टँक उपसण्याचा खर्च मालकाने भाड्यातच गृहीत धरावा, हे बरे.

टँक उपसायला स्वस्तात माणूस मिळतो. त्याला उतरवले तर चालेल का?

मुळीच नाही. सेप्टिक टँकमधील विषारी वायूने माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो, आणि त्याला काढायला उतरलेलाही मरतो. सुरक्षासाधनांशिवाय माणसाकडून गटार वा सेप्टिक टँक साफ करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. काम सक्शन टँकरनेच करून घ्यावे. भाडेकरूने तसा माणूस आणला असेल तर मालकाने थांबवावे, आणि मालकाने आणला असेल तर भाडेकरूने.

मालक लक्षच देत नाही. दुरुस्ती स्वतः करून भाड्यातून पैसे वळते करता येतात का?

कलम १०८ मध्ये ही सोय आहे, पण तिला अटी आहेत. दुरुस्ती मालकावर बंधनकारक असलेली हवी, त्याला सूचना दिलेली हवी, आणि सूचनेनंतर वाजवी मुदत जाऊनही त्याने ती केलेली नसावी. या तिन्ही गोष्टी असतील तर भाडेकरूला दुरुस्तीचा खर्च व्याजासह भाड्यातून वजा करता येतो किंवा अन्यथा वसूल करता येतो. सर्वांत जास्त वाद पहिल्या अटीवर होतो. पाइप बदलणे मालकाकडे, असे करारात स्पष्ट नसेल तर तो नाकारणार, हे धरूनच चालावे. म्हणून खर्च करण्यापूर्वी अंदाजपत्रक पाठवावे, शक्य तर दोन प्लंबरांची, आणि काढलेला जुना भाग फेकू नये.

वाजवी मुदत किती, हे कायद्याने दिवसांत मोजलेले नाही. आमच्या मते फुटलेला पाइप किंवा घरातले एकमेव शौचालय बंद पडणे, यांची दखल त्याच दिवशी घेतली पाहिजे. ठिबकणारा नळ आठवडाभर थांबू शकतो.

दुरुस्ती होईपर्यंत भाडेच थांबवले तर?

थांबवू नये. गोव्याचा १९६८ चा भाडेनियंत्रण कायदा लागू असलेल्या घरात थकलेले भाडे हे घर खाली करण्याचे कारण ठरते, आणि करारावर राहणाऱ्यांच्या बाबतीतही मालकाच्या हाती आयते निमित्त येते. भाडे वेळेवर, बँकेतून द्यावे. वजा केलेल्या रकमेचा हिशेब त्याच दिवशी लेखी कळवावा.

सूचना कशी लिहावी?

साधी, तारखेसह आणि आरोप न करता. उदाहरणार्थ: "दि. ५ जुलैपासून बाथरूम व बेडरूममधील भिंतीला ओल येत आहे. सर्व नळ बंद ठेवून टाकीची पातळी तपासली असता ती रात्रभरात चार बोटे उतरली. सोबत फोटो जोडले आहेत. कृपया सात दिवसांत प्लंबर पाठवावा. आम्ही सायंकाळी सहानंतर घरी असतो." व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मजकूर उपयोगी पडतो, पण मोठ्या खर्चाची बाब ईमेलने किंवा पोचपावतीसह स्पीड पोस्टनेही पाठवावी. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात दाखल करताना प्रमाणपत्र जोडावे लागते. त्यासाठी मूळ फोन व मूळ संभाषण पुसून टाकू नये.

मालक आखातात किंवा पोर्तुगालमध्ये आहेत आणि येथे फक्त केअरटेकर आहे. परवानगी कोणाची घ्यायची?

गोव्यात हे नेहमीचेच आहे. केअरटेकरकडे किल्ल्या असतात, खर्चाचा अधिकार बहुधा नसतो. मालकाने ठराविक रकमेपर्यंतची दुरुस्ती त्याला परस्पर मंजूर करता येईल, असे करारात किंवा मुखत्यारपत्रात लिहून द्यावे. रात्री अकराला पाइप फुटल्यावर दुसऱ्या देशातल्या माणसाच्या होकाराची वाट पाहण्याची वेळ कोणावरही येऊ नये. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे, हे तर ताबा देतानाच दाखवले पाहिजे.

घर वडिलोपार्जित आहे, मालक सात-आठ जण आहेत आणि भाडे नाममात्र आहे. नळदुरुस्ती कोण करणार?

हा आमच्याकडे येणाऱ्यांतला सर्वांत अवघड प्रश्न आहे. वाटणीचे इन्व्हेंटरी प्रकरण चालू असते, एक भाऊ भाडे घेतो, बाकीचे खर्चाला तयार नसतात, आणि पाइप बदलण्याचा खर्च वर्षभराच्या भाड्याहून अधिक येतो. भाडे स्वीकारणाऱ्या सहमालकाला सूचना द्यावीच, पण माहीत असलेल्या इतरांनाही तिची प्रत पाठवावी. जुन्या भाडेनियंत्रित घरात दोन्ही बाजूंची अडचण खरी असते: मालकाला मिळकत नाही, आणि वयस्क भाडेकरूला पाणी हवेच असते. अशा वेळी सामान मालकाचे व मजुरी भाडेकरूची, अशी वाटणी दोन ओळींत लिहून, सह्या करून काम उरकणे हा खटल्यापेक्षा चांगला मार्ग आहे. या खर्चामुळे कोणाचाही मूळ हक्क कमी-जास्त होत नाही, असे वाक्य त्यात अवश्य घालावे, नाहीतर पुढे त्याच कागदाचा भलता अर्थ लावला जातो. मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहणाऱ्याचे घर हा मात्र निराळा विषय आहे. तो १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली येतो आणि मामलेदारांकडे जातो.

इमारत नवीन आहे आणि तरीही बाथरूम गळते. खर्च मालकाचा का?

भाडेकरूच्या दृष्टीने होय. पण मालकाने स्वतः पैसे घालण्याआधी बिल्डरला लिहावे. रेरा कायदा (स्थावर संपदा नियमन कायदा), २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत रचनेचा, कामाचा किंवा सेवांचा दोष निदर्शनास आणला, तर प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, तो तीस दिवसांत विनामूल्य दूर करायचा असतो. भाडेकरूने वेळीच कळवले नाही म्हणून ही मुदत हुकली, तर मालकाची तक्रार रास्त ठरते.

पाणी वरच्या फ्लॅटमधून येते. सोसायटीकडे कोणी जायचे?

मालकाने, कारण भाडेकरू सहसा सभासद नसतो. इमारतीचा उभा, सामाईक सांडपाण्याचा पाइप सोसायटीकडे. वरच्या फ्लॅटच्या आतील गळती त्या फ्लॅटच्या मालकाकडे. सोसायटीचे उपविधीही पाहावेत.

पाण्याचे बिल अचानक फुगले. ते कोणी भरायचे?

मीटरच्या अलीकडची, म्हणजे रस्त्याच्या बाजूची गळती सहसा पाणीपुरवठा खात्याची, पलीकडची ग्राहकाची. जोडणी बहुधा मालकाच्या नावावर असते आणि बिल भाडेकरू भरतो. जमिनीखालच्या पाइपमधून पाणी गेले असेल, तर नेहमीच्या सरासरीइतके भाडेकरूने आणि वरची रक्कम मालकाने भरणे योग्य. नळ ठिबकतो आहे हे दिसत असून महिनोन्‌महिने कळवले नसेल, तर वाढीव रक्कम भाडेकरूने सोसावी. एप्रिल-मे महिन्यांत ओपा किंवा साळावली पाणीपुरवठा योजनेचे पाणीच कमी दाबाने आले तर ती कोणाचीच दुरुस्ती नसते; टँकर कोणी मागवायचा, हे करारातच ठरवावे.

वाद चालू असताना मालकाने पाणी तोडले तर?

वाद कितीही खरा असला तरी पाणी तोडणे हे त्यावरचे उत्तर नव्हे. भाडेकरूने बंद केलेल्या व्हॉल्व्हचा फोटो काढावा, त्याच दिवशी लेखी कळवावे आणि पुरवठा पूर्ववत करण्यासाठी दिवाणी न्यायालयाकडून तातडीचा मनाई हुकूम मागावा.

मालकाला पाहणीसाठी कधीही घरात येता येते का?

कायदा त्याला वाजवी वेळी येण्याचा हक्क देतो. किमान चोवीस तास आधी कळवण्याचा संकेत करारात लिहावा. त्याचबरोबर, वेळ ठरवूनही प्लंबरला वारंवार परत पाठवणारा भाडेकरू वाढलेल्या नुकसानाला स्वतःच कारण होतो.

घर सोडताना अनामत रकमेतून नळांचे पैसे कापले. ते बरोबर आहे का?

मोडलेली वस्तू आणि जुनी झालेली वस्तू यांत फरक करावा लागतो. तडकलेले बेसिन, गायब झालेला जेट स्प्रे, तुटलेला अँगल कॉक यांचे पैसे कापता येतात. तेही वस्तूच्या वयानुसार. दहा वर्षांच्या फ्लश टँकच्या जागी नवा बसवून पूर्ण किंमत कापणे योग्य नाही. खाऱ्या वाऱ्याने काळवंडलेले नळ ही समुद्रकाठच्या घरातील झीजच आहे. मालकाने बिले दाखवावीत, भाडेकरूने ताबा घेतल्या दिवसाचे फोटो दाखवावेत. अनामत न मिळाल्यास ती देय झाल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा करावा लागतो.

दाद कुठे मागावी? पोलिसांकडे जावे का?

दुरुस्तीच्या खर्चाचा वाद दिवाणी आहे. धमकी, मारहाण किंवा बळजबरीने बाहेर काढणे झाले तरच पोलीस. सांडपाणी उघड्यावर वाहत असेल तर पंचायत, नगरपालिका किंवा आरोग्य अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. भाडेनियंत्रण कायद्याखालच्या घरासाठी भाडे नियंत्रक आहे. त्याआधी उत्तर किंवा दक्षिण गोवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे, असे आम्ही सांगतो: दावा दाखल करण्यापूर्वीच लोकअदालतीत समेट घडवता येतो, आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते.

प्लंबरनेच काम बिघडवले तर?

मग ज्याने पैसे दिले त्याने बिलासह ग्राहक आयोगाकडे जावे. म्हणूनच बिल न देणाऱ्याकडून मोठे काम करून घेऊ नये, आणि बिलावर कोणता पाइप, किती फूट, कुठे बदलला हे लिहून घ्यावे.